न्यूक्लिअर मेडिसिन नुसतं काचेतून बघून येत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की आपल्या पेपरची करिअर पुरवणी येते. यंदा तिच्यात पॅरामेडिकल कोर्सेसच्या यादीत ‘न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजी’ ठळक अक्षरात होतं आणि पुढे एकच वाक्य, ‘देश-विदेशात मोठी मागणी’. मी याच कामात मुंबईत उभा जन्म काढला आणि निवृत्त झाल्यावर अमळनेरला राहायला आले. मागणी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण जी मुलं हा कोर्स करून बाहेर पडताहेत त्यांच्या हातात काय असतं, त्याबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या चुलत बहिणीची मुलगी हाच कोर्स करते. सुट्टीत आली तेव्हा क्लिनिकल पोस्टिंगचं लॉगबुक घेऊन आली, मी बघावं म्हणून. (कॉलेज आणि हॉस्पिटल, दोन्हींची नावं देत नाही. पोरीला अजून तिथेच परीक्षा द्यायची आहे. त्याच कारणाने माझंही नाव छापू नये, ही विनंती.) लॉगबुक दिसायला झकास. तारीख, तपासणीचं नाव, आणि शेवटच्या रकान्यात ‘ऑब्झर्व्हड’. बोन स्कॅन, ऑब्झर्व्हड. थायरॉइड स्कॅन, ऑब्झर्व्हड. रीनल स्कॅन, ऑब्झर्व्हड. पानंच्या पानं अशी, खाली सही-शिक्का. मी विचारलं, “सिरिंज शील्ड लावून डोस भरलास का गं कधी?” तर म्हणे, “मावशी, हॉट लॅबमध्ये आम्हाला घेतच नाहीत. दाराला काच आहे, तिथून बघायचं.” (हॉट लॅब म्हणजे किरणोत्सारी औषध तयार करून सिरिंजमध्ये भरायची खोली, आणि सिरिंज शील्ड म्हणजे सिरिंजवर चढवायचं किरण अडवणारं आवरण.) मग दिवसभर करता काय? फायली आणायच्या, फॉर्म भरायचे, पेशंटला व्हीलचेअरवरून इकडून तिकडे न्यायचं.

पेपरच्या वाचकाला हे खातं फारसं माहीत नसतं, तेव्हा थोडं सांगते. एक्स-रेत किरण बाहेरून येतात आणि शरीरातून आरपार जातात. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये किरणोत्सारी औषधाचा अगदी थोडा डोस शिरेतून देतात, ते औषध हाडात, मूत्रपिंडात, हृदयाच्या स्नायूत, जिथे जायचं तिथे जातं, आणि गॅमा कॅमेरा शरीरातून बाहेर येणारे किरण टिपतो. यातलं सगळ्यात वापरातलं द्रव्य म्हणजे टेक्नेशियम-९९एम. ते दर सहा तासांनी निम्मं होतं, त्यामुळे साठवून ठेवता येत नाही. म्हणून हॉस्पिटलला त्याचा जनरेटर येतो. शिशाच्या जाड आवरणात एक छोटा स्तंभ, त्यात मॉलिब्डेनम-९९. त्याचं अर्धआयुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा वेळ, ६६ तास, म्हणून एक जनरेटर आठवडाभर चालतो. रोज सकाळी त्यातून सलाइन सोडलं की टेक्नेशियम बाहेर येतं. जगभर या कामाला ‘दूध काढणं’ म्हणतात आणि जनरेटरला ‘गाय’. आमच्या घरी गोठा होता, त्यामुळे हे नाव मला पहिल्या दिवसापासून पटलं. एकदा काढलं की पुन्हा भरायला जवळजवळ एक दिवस लागतो, तेही जुळतं.

आता हे दूध काढल्यावर तंत्रज्ञाचा खरा दिवस सुरू होतो. समजा सकाळी आठला कुपीत दर मिलीला २० मिलिक्युरी (मिलिक्युरी हे किरणोत्साराचं माप) आहे. बोन स्कॅनच्या पेशंटला २० मिलिक्युरी द्यायचे, म्हणजे एक मिली काढलं की झालं. तोच पेशंट अकराला आला तर साधारण १.४ मिली लागतं. दुपारी दोनला आला तर दोन मिली. गणित शाळेतलंच. पण लीड ग्लासच्या मागे हात घालून, टंगस्टनचं जड शील्ड चढवलेल्या सिरिंजने, बाहेर सहा पेशंट बसलेले असताना ते करायचं असतं. त्यात पुस्तकात मेगाबेकेरल आणि खात्यात सगळे बोलतात मिलिक्युरीत. एक मिलिक्युरी म्हणजे ३७ मेगाबेकेरल, हे परीक्षेत सगळ्यांना येतं. डोस कॅलिब्रेटरवर (भरलेला डोस मोजायच्या यंत्रावर) आकडा दिसल्याबरोबर तो बरोबर की चूक हे डोळ्याला कळायला मात्र तो आकडा शेकडो वेळा स्वतः पाहावा लागतो. काचेतून आकडा दिसत नाही.

माझ्या भाचीला मी विचारलं की सकाळच्या टेक्नेशियममध्ये मॉलिब्डेनम उतरलं नाही ना, हे कसं तपासतात. व्याख्या तोंडपाठ होती, मर्यादासुद्धा सांगितली. शिशाच्या डब्यात कुपी ठेवून ते कसं मोजतात, हे मात्र तिने पाहिलेलंही नव्हतं, कारण ते काम साडेसातला होतं आणि विद्यार्थ्यांची हजेरी साडेनऊची.

कोणाला वाटेल, एवढं काय, मशीन आहे, बटण दाबलं की फोटो येतो. म्हणून एक केस सांगते. शिरपूरकडचे एक बाबा, प्रोस्टेटचा कॅन्सर, हाडात पसरलाय का ते बघायला बोन स्कॅनला पाठवलेले. इंजेक्शननंतर तीनेक तास थांबावं लागतं, भरपूर पाणी पाजतात, आणि कॅमेऱ्याखाली झोपवण्याआधी लघवीला पाठवतात, कारण औषधाचा बराच भाग लघवीतूनच बाहेर पडतो. बाबा जाऊन आले, झोपले, स्कॅन झाला. उजव्या खुब्यापाशी ठळक काळा डाग. त्या दिवशी कॅमेऱ्यावर असलेल्या आमच्या तंत्रज्ञाने बाबांना उठू दिलं नाही. आधी बाजूने एक चित्र घेतलं. डाग हाडात नव्हता, कातडीच्या बाहेर होता. मग धोतर बदलायला लावलं, मांडी साबणाने धुवायला लावली, पुन्हा घेतलं. डाग गायब. लघवीचे चार थेंब धोतराला लागलेले, एवढंच. डॉक्टर रिपोर्ट लिहितात ते दुसऱ्या खोलीत, संध्याकाळी, पेशंट घरच्या वाटेला लागल्यावर. तोवर एस.टी. नाशिकच्या पुढे गेलेली असते. तो डाग तसाच राहिला असता तर त्या घरात पुढचे पंधरा दिवस काय झालं असतं, याचा विचार करा.

हे त्या तंत्रज्ञाला पुस्तकाने शिकवलं नव्हतं. म्हणजे पुस्तकात एक ओळ असते. पण डाग दिसल्यावर पेशंटला टेबलावरून उतरू न देणं, हे शेजारी उभ्या असलेल्या सिनियरने हात धरून शिकवलेलं असतं. तसंच इंजेक्शन शिरेबाहेर गेलं तर कोपरापाशी केवढा मोठा डाग येतो आणि त्यापायी बाकीचं चित्र कसं फिकं पडतं. ज्याने स्वतः कधी शिरेत सुई घातली नाही, त्याला सुई सरकल्याचं बोटाला काय कळतं ते कसं कळणार?

आणखी एक, ज्याचा लॉगबुकात रकानाच नसतो. किरणोत्सारी औषध देण्याआधी बाईला विचारावं लागतं, गरोदर नाहीस ना, पाळी कधी आली होती, अंगावर पाजतेस का. धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेली विशीतली पोर, शेजारी सासू, समोर एकवीस वर्षांचा विद्यार्थी हातात फॉर्म घेऊन. तो मोठ्याने विचारतो, ती खाली मान घालून ‘नाही’ म्हणते, हा ‘नो’वर खूण करतो. ते ‘नाही’ कशाला होतं ते देवाला माहीत. अशा वेळी सासूला कागद आणायला बाहेर पाठवायचं, एखाद्या सिस्टरला बोलवायचं, प्रश्न तीनदा फिरवून विचारायचा, हे शिकवावं लागतं. पेशंटशी बोलणं हे या कामाचं निम्मं अंग आहे. पेट स्कॅनसाठी (हीही याच खात्यातली तपासणी, औषध वेगळं) चार ते सहा तास उपाशी राहायला सांगितलेला माणूस ‘फक्त चहा घेतला’ म्हणतो, आणि चहात साखर दोन चमचे. इंजेक्शननंतर तासभर शांत पडून राहायचं असतं, तो मोबाइलवर मोठमोठ्याने बोलत येरझाऱ्या घालतो आणि मग औषध स्नायूंत जाऊन बसतं. आमच्याकडचे पेशंट मुंबईत आले की मला शोधायचे. अहिराणी कानावर पडली की जीवात जीव यायचा. स्कॅन संपला की प्रत्येकाचा एकच प्रश्न, “माय, काय निंघनं त्यामा?” रिपोर्ट सांगायचा अधिकार तंत्रज्ञाला नसतो आणि चेहऱ्यावरही काही दिसू द्यायचं नसतं. हे गप्प राहणं किती अवघड असतं ते करून बघितल्याशिवाय समजत नाही.

हॉस्पिटलवाले म्हणतात, विद्यार्थ्यांना रेडिएशनपासून जपतो म्हणून हॉट लॅबमध्ये घेत नाही. हे कारण मला पटत नाही. इंजेक्शन दिल्यावर पेशंट स्वतःच किरणांचा स्रोत असतो, आणि या खात्यातल्या माणसाला मिळणाऱ्या किरणांच्या डोसचा मोठा भाग त्या पेशंटजवळ उभं राहूनच मिळतो. म्हणजे शिशाच्या आडोशाला बसून काम शिकायला पोरांना मनाई, आणि इंजेक्शन घेतलेल्या पेशंटची व्हीलचेअर हाताच्या अंतरावरून ढकलायला तीच पोरं! अंतर दुप्पट केलं की डोस चौथाई होतो, हे त्यांनी वर्गात लिहून घेतलेलं असतं. पेट स्कॅनच्या किरणांना तर नेहमीचा शिशाचा एप्रनही फारसा अडवत नाही. तिथे तारतात ते दोनच, अंतर आणि हाताचा वेग. वेग सरावाने येतो.

भाचीचा टीएलडी बॅजसुद्धा पोस्टिंग सुरू झाल्यावर बऱ्याच दिवसांनी आला. छातीवर लावायचा हा बॅज माणसाला किती डोस मिळाला ते नोंदवतो आणि दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. बॅज नाही तर खात्यात पाऊल नाही, हा आमच्या वेळचा नियम होता आणि त्यात कोणाची गय नव्हती. मुलं कोणत्या महिन्यात पोस्टिंगला जाणार हे कॉलेजला वर्षभर आधी माहीत असतं. मग बॅजची नोंदणी आधी करायला काय हरकत आहे?

इथे आईवडिलांसाठी दोन शब्द. भाचीच्या आजीने मला बाजूला घेऊन विचारलं, “पोरीला पुढे मूलबाळ होईल ना?” हा प्रश्न आमच्या भागात प्रत्येक घरात विचारला जातो, फक्त हळू आवाजात. आपल्याकडे या कामातल्या माणसाला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणांचं माप) आणि कुठल्याही एका वर्षात ३० ही मर्यादा एईआरबीने, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाने, घातली आहे. नीट चालणाऱ्या खात्यात माणूस त्याच्या बराच खाली राहतो. गरोदर बाईची कामं बदलून देतात. मला दोन मुलं आहेत आणि आता नातवंडंही. आपल्या रावेर-यावलच्या केळ्यातसुद्धा पोटॅशियम-४० नावाचं किरणोत्सारी द्रव्य असतं, म्हणून कोणी केळी खायचं सोडत नाही. भीती हवी ती न शिकलेल्या हाताची.

कायद्याचं म्हणाल तर २०२१ साली संसदेने आरोग्य क्षेत्रातल्या अशा संलग्न व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. न्यूक्लिअर मेडिसिन तंत्रज्ञांचं नाव त्याच्या यादीत आलं, याचा आनंद मलाही झाला. इतकी वर्षं आम्हाला ‘ते स्कॅनवाले’ म्हणत. या कायद्यात ‘हेल्थकेअर प्रोफेशनल’च्या पदवीसाठी किमान ३६०० तास आणि ‘अलाइड हेल्थ प्रोफेशनल’च्या पदविकेसाठी किंवा पदवीसाठी किमान २००० तास सांगितले आहेत. पण तास मोजणं सोपं असतं. भाचीचे तास एकही मिनिट कमी भरणार नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की लॉगबुकात तीन रकाने करा: पाहिलं, सोबत केलं, देखरेखीखाली स्वतः केलं. प्रत्येक तपासणी तिसऱ्या रकान्यात किती वेळा आली पाहिजे हे आधी ठरवा, आणि ती सही खातेप्रमुखाने सगळ्या पानांवर एकदम न करता त्या दिवशी शेजारी उभ्या असलेल्या तंत्रज्ञाने करावी. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आम्ही शिकलो तेव्हा सिनियर मंडळी खडूस होती, पण हाताला हात लावून शिकवायची. १९६३ पासून चाललेलं ते केंद्र. या विषयाची कितीतरी माणसं देशाला तिथून मिळाली.

हॉस्पिटलची अडचण मला कळत नाही असं नाही. पेट स्कॅनच्या औषधातल्या फ्लोरिन-१८ चं अर्धआयुष्य ११० मिनिटं. दिवसाची खेप आली की पेशंटमागून पेशंट घ्यावाच लागतो. त्यात नवशिक्याचा हात थरथरला तर औषध वाया आणि सगळ्यांचा डोस वाढलेला. पेशंट काही सरावासाठी आलेला नसतो. हेही शंभर टक्के मान्य. पण म्हणूनच पोरांनी तिथे कोरा हात घेऊन जाऊ नये. आणि इथे आपल्या खान्देशाला बरंच काही करता येईल.

या कामातलं निम्मं कौशल्य किरणोत्सारी नाहीच. शीर शोधणं, कॅन्युला लावणं, हृदयाच्या स्ट्रेस तपासणीसाठी ईसीजीचे लीड लावणं, लुळ्या माणसाला स्ट्रेचरवरून टेबलावर घेणं, सीटीच्या टेबलावर पेशंटला नीट झोपवणं, चक्कर आली तर काय करायचं. धुळे, जळगाव आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या रक्त तपासणीच्या रांगेत सकाळी दोन तास उभं राहिलेल्या मुलाचा हात महिन्याभरात बसतो. आपल्या भागातली जी मुलं मुंबई-पुण्याला हा कोर्स करतात त्यांना सुट्टीत आपापल्या जिल्ह्यात हे करू द्यावं आणि त्याची नोंद लॉगबुकात धरावी. हॉट लॅबचा सरावही रंगीत पाण्यावर होतो. मी भाचीला स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसवलं, पुढ्यात आडवी धरलेली पाटी, तिच्यामागे शाई घातलेल्या पाण्याची बाटली, आणि पाटीच्या कडेने हात घालून आरशात बघत सिरिंज भरायची. पहिल्या दिवशी ओटा निळा झाला, बहिणीने आम्हा दोघींना बोल लावले. आठवड्याने ती हवेचा बुडबुडा न घेता बरोबर १.४ मिली काढायला लागली आणि वेळ निम्म्यावर आला. हे कॉलेजला करायला खर्च किती? जवळजवळ नाहीच.

कोणी म्हणेल, पेट स्कॅनचं खातंच इकडे आणा. आणावं, पण गणित ध्यानात घेऊन. मुंबईत सायक्लोट्रॉनवर (अशी किरणोत्सारी द्रव्यं तयार करणाऱ्या मोठ्या यंत्रावर) बनवलेलं फ्लोरिन-१८ आग्रा रोडने सहा तासांत धुळ्याला आणलं तर जेमतेम दहावा हिस्सा उरतो. मोठी खाती सायक्लोट्रॉनच्या आसपास गोळा झाली त्यामागे हेही एक कारण आहे. टेक्नेशियमच्या जनरेटरचं तसं नाही, तो आठवड्याला एक ट्रकने येऊ शकतो. पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे. तोवर आपली मुलं खान्देश एक्सप्रेसने मुंबईलाच जाणार. इंटर्नशिपच्या वर्षात तिथे खाट भाड्याने घेऊन राहायचं आणि विद्यावेतन काही मिळायचं नाही, हे शेतकऱ्याच्या घराला झेपत नाही. भाचीबरोबरच्या पारोळ्याच्या एका मुलाने यंदा संध्याकाळची मेडिकल दुकानातली नोकरी धरली आहे. सकाळी साडेसातला जनरेटरपाशी तो कसा पोचणार?

तेव्हा संपादकसाहेब, एक विनंती. पुढच्या जूनमध्ये या कोर्सची ओळख छापाल तेव्हा ‘मोठी मागणी’च्या खाली एक छोटी चौकट द्या. प्रवेशाआधी पालकांनी कॉलेजला विचारायचे प्रश्न: पोस्टिंग नेमकं कोणत्या हॉस्पिटलमध्ये, आणि तिथे गॅमा कॅमेरा व पेट-सीटी स्वतःचे आहेत का? एका तंत्रज्ञामागे विद्यार्थी किती? बॅज पहिल्या दिवशी हातात मिळतो का? मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याचं लॉगबुक बघायला मिळेल का? चौथ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर फी भरू नका, असं माझ्यातर्फे खाली लिहिलंत तरी चालेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त न्यूक्लिअर मेडिसिन तंत्रज्ञ, अमळनेर (जि. जळगाव)